साहेबाचं आडनाव आणि माझ्या बायकोचं नाव

माझ्या बायकोला टायपिंग येतं, हे साहेबाला मीच सांगितलं. ऑफिसची पार्टी होती, कबाब गार होत चालले होते, आणि साहेब आपली वाकडी झालेली बोटं दाखवत सांगत होता की संधिवातामुळे आता दोन ओळीसुद्धा टाइप होत नाहीत. बाकीच्यांनी नुसतं च्च च्च केलं. मी मात्र पुढे सरसावून म्हणालो, "सर, माझी मिसेस फर्स्ट क्लास टाइप करते." लग्नाआधी ती नाशिकला एका वकिलाकडे टायपिस्ट होती. त्या टायपिंगचा मला इथे उपयोग होईल असं वाटलं, कारण पगारवाढीचे दिवस जवळ आले होते. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

साहेब म्हणजे आमच्या कन्सल्टन्सीतला इंग्रज प्रोजेक्ट मॅनेजर. साठीला टेकलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी त्याच्या हाताखाली पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासायचो. नव्वदचं दशक संपता संपता आम्ही दोह्याला आलो होतो आणि मन्सूरामध्ये एका फ्लॅटमध्ये राहत होतो. खाली बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, समोर सतत खणलेला रस्ता. मुलगी इंग्रजी शाळेत जायची. बायको फॅमिली व्हिसावर होती, त्यामुळे तिला नोकरी करता येत नव्हती. साहेबाकडे ती जायची ती 'मदत' म्हणून. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून घरी यायचो, मायलेकींना गाडीत घालायचो, अबू हमूरच्या त्याच्या व्हिलावर सोडायचो आणि दोन तासांनी परत आणायला जायचो. बायको दुसऱ्याच्या घरी काम करणार, मुलगी तिथल्या जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करणार, आणि मी ड्रायव्हर.

काम काय, तर पत्रं. साहेबाला आपल्या आडनावाचा नाद लागला होता. ते आडनाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहायचं ठरवलं तर कोणतं लिहायचं हा प्रश्नच आहे. आजच्या स्पेलिंगला शेवटी एक मुका ई आहे. काही पिढ्या मागे गेलं की तो गळतो. आणखी मागे मधल्या आयचा वाय होतो आणि त्याच्याही मागे एक टी जास्तीचा येतो. चर्चमधला पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा, आणि ज्याचं नाव लिहिलं जातंय त्याला स्वतःला अक्षरओळख नसायची, मग चूक कोण काढणार? एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका स्पेलिंगने, लग्न दुसऱ्याने आणि दफन तिसऱ्याने. जगभर पसरलेल्या या सगळ्या स्पेलिंगवाल्यांना साहेब पत्रं पाठवायचा, आपण एकाच मुळाचे आहोत का म्हणून विचारायचा. ती पत्रं माझी बायको टाइप करायची. काहींची उत्तरं यायची, तीही तीच वाचून लावून ठेवायची.

त्यात दोन पक्ष होते. कॅनडातला एक दूरचा भाऊ म्हणायचा, आपलं आडनाव धंद्यावरून पडलं, आपला मूळपुरुष बैलगाडीवाला. साहेबाचं म्हणणं, छे, ते गावावरून आलं. नदीला जिथे उतार होता तिथे एक गाव होतं, आता ते नाही, पण आपण तिथले. मला यात काडीचाही रस नव्हता. आमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' लावलं की आडनाव तयार. त्यासाठी कोणी कॅनडाला पत्रं पाठवत नाही.

पण घरात दुसरा विषयच उरला नाही.

"आज त्यांच्या खापरपणजोबांचे पणजोबा सापडले," आमटी वाढता वाढता बायको म्हणायची.

"कुठे हरवले होते?"

"अहो, दुसऱ्या स्पेलिंगखाली होते. दोन भावांची बांधावरून भांडणं झाली, तेव्हा एकाने मुद्दाम ई जोडला. आपल्याला लोकांनी त्या दुसऱ्यांतलं समजू नये म्हणून. साहेब इतके हसले!"

साहेब इतके हसले. मी ऑफिसात दिवसभर त्याच्यासमोर बसायचो, तो माझ्याकडे पाहून कधी हसल्याचं मला आठवत नाही. आणि ही बाई, जी मी पाइपांच्या जोडावरच्या फ्लँजबद्दल बोलायला लागलो की जांभया द्यायची, ती त्या मेलेल्या इंग्रजांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवत होती. कोण देवीने गेला, कोण बोटीवर चढला, कोणाला तीन बायका. माझ्या चुलत्यांची मुलं किती हे विचारलं असतं तर तिने बोटं मोजली असती.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. मजा म्हणजे साहेब गृहस्थ म्हणून सरळ होता, घरात श्रीलंकन बाई कामाला होती, मुलगी समोर बसलेली असायची. वावगं काही नव्हतं, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. त्याने सुट्टीवरून येताना बिस्किटांचा डबा आणला. मी चहाबरोबर ती बिस्किटं खायची नाहीत असं ठरवलं. तीन दिवस नाही खाल्ली, मग खाल्ली, आणि चांगली होती म्हणून आणखी चिडलो.

एका बुधवारी मी लवकर पोहोचलो. दार उघडंच होतं. सवयीने मी बाहेर बूट काढत होतो, तेवढ्यात आतून साहेबाने कोणाला तरी हाक मारली. मराठी नाव होतं. उच्चार बोबडा, पण नाव आपल्याकडचं, ओळखीचं. मला वाटलं, आणखी कोणी मराठी बाई येऊन बसली आहे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, साहेबाला दुसरी टायपिस्ट मिळाली, आपली सुटका झाली.

"यस, जस्ट अ मिनिट," माझी बायको म्हणाली.

एक बूट पायात आणि एक हातात, तसाच मी उभा राहिलो. ते नाव मला ओळखीचं का वाटलं हे तेव्हा कळलं. आमच्या लग्नपत्रिकेवर चि. सौ. कां.च्या पुढे तेच छापलेलं होतं.

घरी येताना गाडीत, सिग्नलला शेवटी राहवलं नाही, म्हणालो, "साहेब तुला काय हाक मारतो?" बायको खिडकीबाहेर बघत राहिली. मागून मुलगीच बोलली, "बाबा, डोन्ट यू नो? दॅट्स मम्माज रिअल नेम."

म्हणजे मुलीलासुद्धा माहीत होतं. आणि रिअल! म्हणजे मी दिलेलं काय होतं?

आता जे नाव मी दिलं त्याबद्दल सांगतो. माझ्या आईचं तिच्या मोठ्या जावेशी कधी पटलं नाही, आणि माझ्या बायकोचं माहेरचं नाव नेमकं त्या मोठ्या काकूचंच. आईने लग्न ठरलं तेव्हाच जाहीर केलं होतं, मुलगी चांगली आहे पण हे नाव मी माझ्या घरात रोज घेणार नाही. नवीन नाव आईनेच काढलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि मी सोन्याच्या अंगठीने त्यात ते नाव लिहिलं. शेवटचं अक्षर मावेना, ते ताटाच्या कडेला दाटीवाटीने बसवलं, सगळे हसले, पेढे वाटले. तिने मान खाली घालून ते वाचलं. यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही, आणि आज त्यासाठी मी छाती बडवून घेणार नाही. सगळेच करत होते. माझ्या दोन्ही बहिणींची नावं सासरी बदलली, आम्ही पेढे खाल्ले. खरी गंमत अशी की ते नवीन नावसुद्धा मी कधी वापरलं नाही. घरात मी तिला "अगं" म्हणतो, फार तर "ऐकलंस का". ते नाव आईचं, पासपोर्टचं आणि इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं.

घरी गेल्यावर मुलगी खोलीत गेली आणि मी विषय काढला.

"त्याला तुझं जुनं नाव कसं माहीत?"

"मी सांगितलं."

"का?"

ती नेहमीच्या शांतपणाने सांगायला लागली, तोच तिचा शांतपणा मला सोसत नव्हता. साहेबाच्या घराण्यात एक बाई होती, त्याच्या पणजोबाची आजी. लग्नानंतरची ती सगळीकडे दिसत होती, लग्नाआधीची कुठेच नाही. साहेब म्हणाला होता, पुरुष कितीही स्पेलिंग बदलोत, ते सापडतात. बाई लग्नाच्या दिवशी नाहीशी होते. त्यावर ही म्हणाली, आमच्याकडे तर जास्तच. आडनाव जातं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आणि पहिलं नावही जातं.

"त्यांना खरंच वाटेना. पहिलंसुद्धा? म्हणाले. मग आधीचं काय होतं ते विचारलं."

"आणि तू सांगितलंस."

"हो. त्यांनी लगेच त्या नावाने हाक मारली. माझ्या तोंडून ओ गेली."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुम्हाला माहीत नव्हतं?"

ती भाजी गरम करायला उठली. गॅस पेटवताना पाठमोरीच म्हणाली, "बाबा गेल्यापासून कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. भाऊ ताई म्हणतो. संपलंच होतं ते." तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. आई तर तिच्या लहानपणीच गेली होती.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी इरेला पेटलो. म्हटलं, आडनावाचंच कौतुक आहे ना, मग आपलंही काढू. फोनचं कार्ड आणून नाशिकला काकांना गाठलं. काकांनी सुतावरून स्वर्ग गाठला. आपलं आडनाव मूळचं हे नाहीच, म्हणाले, आपण सिन्नरच्या बाजूचे, आणि आपल्या एका पूर्वजाने कोणाला तरी वाघापासून वाचवलं. वाघाचं सोडून दिलं, बाकीचं लिहून घेतलं. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाइपलाइन काढतात त्याच प्रोग्राममध्ये मी आमची वंशावळ काढली. चौकोन, रेषा, सगळं मापात. साहेबाकडून धडा घेऊन मी त्यात बायकाही घातल्या. मोठ्या कागदावर प्रिंट काढून ऐटीत घरी आणली आणि टेबलावर पसरली.

बायकोने चष्मा लावून नीट पाहिली. "छान काढलीय हो," ती म्हणाली. मी फुललो. मग तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. "आजेसासूबाईंचं हे सासरचं ना? माहेरचं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांना पुन्हा फोन केला. काकांच्या सख्ख्या आईचंच नाव विचारत होतो मी. काका आठवत राहिले, कार्डावरची मिनिटं चालली होती. शेवटी म्हणाले, "अरे, आम्ही तिला आईच म्हणायचो. तिला आणखी काय नाव असणार?"

ती वंशावळ बायको साहेबाकडे दाखवायला घेऊन गेली. साहेबाने ऑफिसात सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, काय सुंदर काम आहे म्हणाला. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ज्याला हरवायला निघालो तोच पाठ थोपटत होता.

त्यांची ती हरवलेली बाई शेवटी सापडली, आणि सापडली माझ्या बायकोलाच. साहेब तिला सगळीकडे दुसऱ्या आडनावांत शोधत होता. ती होती त्याच आडनावात, फक्त मुक्या ईशिवाय. बांधावरून भांडून वेगळ्या झालेल्या त्या दोन भावांपैकी दुसऱ्याच्या घरातली ही नात. भांडण विसरून पोरांनी लग्न केलं होतं, आणि भांडलेल्या घरांत सोयरीक होणारच नाही असं धरून साहेब तिला वगळत आला होता. बायकोला सरळ वाटलं, एवढ्याशा गावात तिसऱ्या घरची मुलगी येणार कुठून? त्या संध्याकाळी ती गाडीत बसली तेव्हा तिच्या तोंडावरून आनंद नुसता वाहत होता. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे, तिचा हात दोन्ही हातांत घेतला म्हणे, आणि डोळ्यांत पाणी आणून तिचं नाव घेऊन थँक यू म्हणाले.

"अभिनंदन," मी म्हणालो आणि गियर टाकला. मी तिला कपड्यांच्या वीस-बावीस खरेद्या, दोन सोन्याचे सेट आणि एक हिवाळ्यातली दुबई दिली होती. असा आनंद तिच्या तोंडावर मी एकदाही आणलेला नव्हता, आणि त्या म्हाताऱ्याने तो फुकटात आणला होता.

पुढे साहेब निवृत्त झाला. आम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलो, त्याची बॅग मीच ओढली. त्याने मुलीच्या डोक्यावर थोपटलं, माझ्याशी हात मिळवला, आणि मग बायकोकडे वळून ते नाव घेऊन गुडबाय म्हणाला. ती रडली. मी पार्किंगची पावती शोधत राहिलो.

गेला एकदाचा, आता आपलं घर आपलं झालं, असं मला वाटलं. पण ती गप्प झाली. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, तक्रार करायला जागा नाही, पण आमटी वाढताना सांगायला आता काही नव्हतं. सोमवारी संध्याकाळी ती सवयीने तयार व्हायची, मग लक्षात येऊन पुन्हा घरातली साडी नेसायची. एकदोनदा मी पाहिलं. मग माझ्या मनात आलं की यावर उपाय अगदी सोपा आहे. साहेबाने दिलं तरी काय होतं, एक हाक. ती माझ्याही तोंडात आहे की.

शुक्रवारी सकाळी मी उम्म सलालच्या बाजूच्या शेतावर भाजी आणायला गेलो होतो. येताना गाडीच्या काचा बंद करून ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. आधी मोठ्या काकूंना हाक मारल्यासारखं वाटलं, हसू आलं. मग म्हणता म्हणता जिभेवर बसलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता, बघू दे म्हटलं.

घरी ती स्वयंपाकघरात खाली बसून डाळ निवडत होती, पाठ माझ्याकडे. मी दारात उभं राहून, जितक्या मऊ आवाजात जमेल तितक्या, ते नाव घेतलं.

तिने झटकन मागे वळून पाहिलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मोकळा, कोवळा, काहीतरी चांगलं घडणार आहे असा. आणि मग तिला मी दिसलो, आणि तो चेहरा मिटला. माझ्या डोळ्यांदेखत मिटला.

"नको," ती म्हणाली.

"का? साहेबाने म्हटलेलं चालतं, माझं नाही?"

"रागावू नका. पण ती तुमची कोणी नाही." ती पुन्हा डाळीकडे वळली. "तुमचं लग्न दुसरीशी झालंय. ती आहे ना घरात, तिला काय सांगायचं ते सांगा."

मी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली. काय सांगायचं होतं ते मला आठवेना. साहेबाचा राग राग करायची मला सवय झाली होती, ती सोपी गोष्ट होती. आता मला हेवा वाटत होता तो त्या मुलीला ओळखणाऱ्या सगळ्यांचा. तिच्या मेलेल्या बापाचा, ती ज्याच्याकडे टाइप करायची त्या नाशिकच्या वकिलाचा, तिच्याबरोबर शाळेत बसलेल्या मुलींचा. त्यांनी जिला पाहिलं तिला मी मांडवात आणलं आणि पेढे वाटून परत पाठवलं.

नंतर त्या नावाचा विषय आमच्यात निघाला नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली, आम्ही फ्लॅट बदलला, मला साहेबाच्याच खुर्चीत बसवलं. साहेब अजून आहे, तिकडे एका खेड्यात एकटाच राहतो, आणि नाताळच्या आसपास फोन करतो. पुष्कळदा तो मीच उचलतो. तो माझी चौकशी करतो, दोह्यातल्या नव्या रस्त्यांची करतो, आणि मग तिचं ते नाव घेऊन विचारतो, आहे का घरात? आहे, म्हणतो मी. मग तिला हाक न मारता आत जातो आणि फोन तिच्या हातात देतो.